रायसीना टेकडीवर पुढे कोण? राष्ट्रपतिपदाच्या उमेदवाराचा अंदाज बांधण्याची रीत

द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. त्यांची मुदत २४ जुलै २०२७ रोजी संपेल, आणि मुदत संपण्यापूर्वीच नव्या राष्ट्रपतींची निवड पूर्ण झालेली असली पाहिजे, असे राज्यघटनेचा अनुच्छेद ६२ सांगतो. म्हणजे त्या वर्षीच्या उन्हाळ्यात वृत्तवाहिन्यांवर, कट्ट्यांवर आणि घरोघरच्या व्हॉट्सअॅप गटांवर नावांची आतषबाजी सुरू होणार हे ठरलेले आहे. यातली बहुतेक चर्चा ‘बाजारात तुरी’ या थाटाची असते, कारण तिची सुरुवात नावापासून होते. अमुक नेते ज्येष्ठ आहेत, तमुक नेत्यांचे पुनर्वसन करायचे आहे, एवढ्या भांडवलावर माणसे पैजा लावतात आणि हरतात.

मी स्वतः असा हरलेला माणूस आहे. २००७ पासून दर राष्ट्रपती निवडणुकीच्या आधी मी एका वहीत संभाव्य नावे लिहून ठेवत आलो आहे. २०१७ च्या पानावर मी अकरा नावे लिहिली होती आणि रामनाथ कोविंद यांचे नाव त्यात नव्हते. त्या फजितीनंतर मी क्रम उलटा केला: आधी मते मोजायची, मग निवडणाऱ्याची गरज ओळखायची, मग कोण कोणाला नकार देऊ शकतो हे पाहायचे, आणि नाव अगदी शेवटी लिहायचे. खाली मांडलेली रीत ती आहे.

मतांची बेरीज

राष्ट्रपतींना जनता थेट निवडत नाही. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले खासदार आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार मिळून निर्वाचक मंडळ होते, आणि त्यात दिल्ली व पुद्दुचेरी यांच्या विधानसभाही धरल्या जातात. राष्ट्रपतींनी नियुक्त केलेल्या खासदारांना या निवडणुकीत मत नसते, आणि विधान परिषदेच्या आमदारांनाही नसते. आपल्याकडे परिषदेच्या ७८ जागांवरून एवढे राजकारण रंगते, पण रायसीनाच्या, म्हणजे राष्ट्रपती भवनाच्या, हिशेबात त्या जागांची किंमत शून्य आहे, हे आधी डोक्यात पक्के करावे.

प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य राज्यागणिक वेगळे असते. महाराष्ट्राचे गणित एकदा स्वतः कागदावर मांडून पाहावे, म्हणजे ते कायमचे लक्षात राहते. १९७१ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. तिला विधानसभेच्या २८८ जागांनी भागले की १,७५,०४२ च्या आसपास आकडा येतो. त्याला पुन्हा १,००० ने भागायचे आणि उरलेला अपूर्णांक अर्ध्याहून कमी असल्याने सोडून द्यायचा. उत्तर येते १७५. हे एका आमदाराच्या मताचे मूल्य झाले, आणि २८८ आमदारांचे मिळून ५०,४०० झाले. हीच रीत गोव्याला लावली तर ७,९५,१२० लोकसंख्या आणि ४० आमदार यांवरून प्रत्येकी २० आणि एकूण ८०० मते निघतात. उत्तर प्रदेशात एका आमदाराचे मत २०८ चे आहे आणि ४०३ आमदारांचे मिळून ८३,८२४ होतात. सिक्कीममध्ये ते ७ चे आहे आणि एकूण २२४ होतात. आजची लोकसंख्या सोडून १९७१ ची का धरतात, असे कोणीतरी विचारतेच. कुटुंबनियोजन नीट राबवणाऱ्या राज्यांचे वजन त्यापायी घटू नये म्हणून हे आकडे गोठवले गेले, आणि २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली.

सगळ्या आमदारांच्या मतमूल्याची बेरीज करून तिला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागले की एका खासदाराच्या मताचे मूल्य मिळते. २०१७ मध्ये ते ७०८ होते. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरची विधानसभा अस्तित्वात नसल्याने ते ७०० वर आले. त्या वर्षी ७७६ खासदार आणि ४,०३३ आमदार मिळून एकूण १०,८६,४३१ मते होती. वैध मतांच्या निम्म्यापेक्षा किमान एक मत अधिक मिळवणारा उमेदवार निवडून येतो, म्हणजे सगळी मते पडली आणि वैध ठरली असती तर ५,४३,२१६ हा जादूचा आकडा ठरला असता. २०२७ साठी हा तक्ता नव्याने मांडावा लागेल, पण मोजपट्टी म्हणून जुने आकडे पुरतात.

यापुढे वहीत दोन रकाने पुरे होत नाहीत, तीन लागतात: सत्ताधारी आघाडीची पक्की मते, विरोधकांची पक्की मते आणि कुंपणावरची मते. महाराष्ट्रात २०२४ च्या निकालात भाजपचे १३२, शिवसेनेचे ५७ आणि राष्ट्रवादी काँग्रेसचे ४१ आमदार निवडून आले. तिघांचे मिळून २३० झाले, आणि १७५ ने गुणले की ४०,२५० मते पहिल्या रकान्यात पडली. त्याच वर्षी लोकसभेत भाजपला २४० आणि राष्ट्रीय लोकशाही आघाडीला (रालोआ) २९३ जागा मिळाल्या. मित्रपक्षांची किंमत कळण्यासाठी तेलुगू देसमचे उदाहरण घ्यावे. लोकसभेतले १६ खासदार गुणिले ७०० म्हणजे ११,२००, आणि आंध्रातले १३५ आमदार गुणिले १५९ म्हणजे २१,४६५. राज्यसभा बाजूला ठेवली तरी हे ३२,६६५ मतांचे गाठोडे आहे, आणि ते ज्याच्या काखेत आहे त्याला उमेदवार ठरण्यापूर्वी फोन करावाच लागतो. २०२२ मध्ये कुंपणावर बसून किंमत वसूल करू शकणारे बिजू जनता दल आणि वायएसआर काँग्रेस हे दोन्ही पक्ष २०२४ मध्ये आपापल्या राज्यात सत्तेबाहेर गेले, त्यामुळे कुंपण अरुंद झाले आणि घरातल्या मित्रांचा मान वाढला.

२०२७ चा तक्ता मांडताना आणखी एक गोष्ट निर्णायक आहे. उत्तर प्रदेश, पंजाब, उत्तराखंड, मणिपूर आणि गोवा या पाच विधानसभांची मुदत त्याच वर्षाच्या पहिल्या सहामाहीत, म्हणजे राष्ट्रपती निवडणुकीच्या आधी संपते. त्यांची मते अनुक्रमे ८३,८२४, १३,५७२, ४,४८०, १,०८० आणि ८०० आहेत. बेरीज १,०३,७५६ होते, म्हणजे २०२२ च्या एकूण मतांच्या जवळपास साडेनऊ टक्के. या पाच राज्यांचे निकाल लागण्यापूर्वी कोणी छातीठोकपणे नाव सांगत असेल तर त्याच्याशी वाद घालू नये, चहा पाजून सोडून द्यावे.

निवडणाऱ्याची गरज

मतांचा तक्ता झाला की त्यावरून निवडणारा पक्ष किती मोकळा आहे हे कळते, आणि उमेदवाराचा स्वभाव या मोकळेपणावर ठरतो. पुरेशी मते स्वतःच्या हातात असतील तर पक्ष आपल्या घरातला, संघटनेला मान्य असलेला आणि फारसा प्रकाशात नसलेला माणूस देऊ शकतो. मते अपुरी असतील तर त्याला असा माणूस शोधावा लागतो, ज्याला विरोध करताना दुसऱ्याची पंचाईत होईल. २००२ मध्ये वाजपेयी सरकारची स्थिती दुसऱ्या प्रकारची होती, म्हणून ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्यासारखे पक्षाबाहेरचे नाव आले. ते नाव समाजवादी पक्षालाही हवे होते आणि काँग्रेसलाही नाकारता आले नाही. डाव्यांनी कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभे केले, पण निकाल ९,२२,८८४ विरुद्ध १,०७,३६६ असा लागला.

मोकळीक असली तरी पक्ष एकाच दगडात अनेक पक्षी मारायला पाहतो. २०२२ मध्ये पूर्व भारत, आदिवासी समाज आणि महिला ही तिन्ही गणिते द्रौपदी मुर्मू यांच्या एका नावात सुटली, आणि वर ओडिशाच्या कन्येला विरोध कसा करायचा या पेचामुळे बिजू जनता दल आपोआप जवळ आले. झारखंड मुक्ती मोर्चा काँग्रेसबरोबर सत्तेत असूनही मुर्मू यांच्या बाजूने गेला, आणि महाविकास आघाडीत असलेल्या उद्धव ठाकरे यांनीही त्यांनाच पाठिंबा दिला. म्हणून नाव तपासताना समोरच्या गोटातला कोणता पक्ष या नावाला ‘नाही’ म्हणू शकणार नाही, हा प्रश्न नेहमी विचारावा. ज्या नावाला याचे एकही उत्तर नाही, ते वहीत खाली ढकलावे.

आपल्या वाचकांना याचे सर्वांत जवळचे उदाहरण २००७ चे आहे. संयुक्त पुरोगामी आघाडीने (संपुआ) प्रतिभाताई पाटील यांचे नाव जाहीर करताच, समोर भाजपच्या पाठिंब्यावर उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत उभे असतानाही, शिवसेनेने मराठी राष्ट्रपती या मुद्द्यावर आघाडी धर्म बाजूला ठेवला. जळगाव जिल्ह्यातले माहेर आणि अमरावतीचे सासर असलेल्या उमेदवाराला विरोध करणे शिवसेनेला परवडणारे नव्हते. निकाल ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ असा लागला. २०१२ मध्येही शिवसेना रालोआत असून प्रणव मुखर्जी यांच्या मागे उभी राहिली. या निवडणुकीत पक्षाचा व्हिप (पक्षादेश) लागू होत नाही आणि मतदान गुप्त असते, त्यामुळे अशी घरबदली इथे जेवढी सहज होते तेवढी अन्यत्र होत नाही.

२०२७ च्या गरजेत एक नवी गाठ आहे आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. २००७ पासून राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती या दोन निवडणुका एकाच पावसाळ्यात लागोपाठ होत आल्या, त्यामुळे दोन नावांची जोडी जुळवता येत असे. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातले कोविंद आणि आंध्रातले वेंकय्या नायडू, २०२२ मध्ये ओडिशाच्या मुर्मू आणि राजस्थानचे जगदीप धनखड अशी ती जोडी होती. धनखड यांनी २१ जुलै २०२५ रोजी राजीनामा दिला आणि ९ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले तमिळनाडूचे सी. पी. राधाकृष्णन ४५२ विरुद्ध ३०० मतांनी उपराष्ट्रपती झाले. मध्येच निवडून आलेल्या उपराष्ट्रपतींनाही पूर्ण पाच वर्षे मिळतात. म्हणून २०२७ मध्ये राष्ट्रपतींचे नाव एकट्याने तोलावे लागेल, आणि दुसऱ्या पारड्यात दक्षिण आधीच बसलेली असेल. याचे दोन अर्थ निघतात आणि दोन्ही वहीत लिहावेत: एक तर राष्ट्रपतिपद दक्षिणेबाहेर जाण्याचा संभव वाढतो, किंवा उपराष्ट्रपतींनाच वर नेऊन त्यांच्या रिकाम्या जागेवर दुसरी जोडी जुळवली जाते. मला पहिला अर्थ अधिक वजनदार वाटतो, पण दुसरा खोडून टाकण्याइतका हलकाही नाही.

पूर्वी ही शिडी चांगली चालत असे. सर्वपल्ली राधाकृष्णन, झाकीर हुसेन, व्ही. व्ही. गिरी, वेंकटरामन, शंकरदयाळ शर्मा आणि के. आर. नारायणन हे सहा जण उपराष्ट्रपतिपदावरून राष्ट्रपती झाले. १९९७ नंतर मात्र एकही झालेला नाही, आणि २००७ मध्ये उपराष्ट्रपती असताना लढलेले शेखावत पराभूत झाले. त्याऐवजी राजभवनाची वाट रुळली आहे. प्रतिभाताई राजस्थानच्या राज्यपाल होत्या, कोविंद बिहारचे राज्यपाल होते आणि मुर्मू यांनी झारखंडचे राज्यपालपद २०२१ पर्यंत सांभाळले होते. राज्यपालपद हे लाभाचे पद, म्हणजे उमेदवारीच्या आड येणारे सरकारी पद, मानले जात नाही, असे अनुच्छेद ५८ च्या स्पष्टीकरणातच म्हटले असल्याने ही वाट कायद्यानेही मोकळी आहे. म्हणून आजी-माजी राज्यपालांची यादी ही पहिली चाळणी ठेवावी. केंद्रीय मंत्री दुसऱ्या चाळणीत टाकावेत, कारण प्रणव मुखर्जी यांच्यासारखा अर्थमंत्री थेट रायसीनावर जाण्याचे प्रसंग दुर्मीळ आहेत. वयाची मर्यादा कायद्याने पस्तीस पूर्ण एवढीच सांगितली असली तरी गेल्या पाच राष्ट्रपतींचे शपथविधीच्या दिवशीचे वय ७०, ७२, ७६, ७१ आणि ६४ होते, आणि यातल्या ६४ व्या वर्षीच्या मुर्मू आजवरच्या सर्वांत तरुण ठरल्या. पन्नाशीतले नाव कोणी पुढे केले तर ते हौसेचे समजावे.

विद्यमान राष्ट्रपतींचेही एक ओळभर नाव ठेवावे. फेरनिवडणुकीला राज्यघटनेची हरकत नाही, पण १९५२ आणि १९५७ अशा दोन निवडणुका जिंकणारे राजेंद्र प्रसाद हे आजवरचे एकमेव राष्ट्रपती आहेत.

कोण कोणाला नको आहे

अंदाजातला हा सर्वांत चविष्ट भाग आहे आणि बहुतेक लोक नेमका तोच सोडतात. राष्ट्रपतिपदाचा उमेदवार पुष्कळदा वजाबाकीतून निघतो. २००२ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांचे नाव रालोआकडून पुढे होते. काँग्रेसने हरकत घेतली आणि ते मागे पडले. उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचेही नाव घेतले गेले आणि तेही टिकले नाही. दोन नावे गळाल्यावर कलाम आले.

२००७ ची वजाबाकी मी वहीत तारखेनिशी लिहिली होती, म्हणून ती आजही डोळ्यांसमोर आहे. माझ्या पानावर सर्वांत वर तत्कालीन गृहमंत्री शिवराज पाटील यांचे नाव होते आणि त्याखाली लातूर, लोकसभेचे अध्यक्षपद, ज्येष्ठता अशी कारणे होती. कारणे सगळी खरी होती, पण मनमोहन सिंग सरकार ज्या डाव्या पक्षांच्या पाठिंब्यावर उभे होते, त्यांनी या नावाला राजी होण्यास नकार दिला. करण सिंह आणि सुशीलकुमार शिंदे यांची नावे फिरली. प्रणव मुखर्जी यांना मंत्रिमंडळातून सोडणे सरकारला जड होते. १४ जून रोजी जे नाव जाहीर झाले ते माझ्या पानावर नव्हते. त्या दिवशी मी समासात लिहिले की नावापुढे गुण लिहिण्याऐवजी त्याला अडवू शकणाऱ्यांची नावे लिहायला हवी होती.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक नावापुढे दोनच रकाने असतात. पहिल्यात ‘कोणाची हरकत’ आणि दुसऱ्यात ‘त्या हरकतीला मते किती’. हरकत घेणाऱ्याकडे मते नसतील तर ती हरकत केवळ बातमीपुरती असते. हरकत घेणारा आघाडीतला मोठा मित्र असेल, किंवा पक्षाच्या आतला असेल, तर घोडे तिथेच पेंड खाते. स्वतःच्या पक्षात ज्यांचे स्वतंत्र वजन आहे अशा नेत्यांना हा रकाना सर्वांत महाग पडतो, कारण ज्याला सगळे ओळखतात त्याला नको म्हणणारेही सगळीकडे असतात. २०१७ मध्ये लालकृष्ण अडवाणी, सुषमा स्वराज, सुमित्रा महाजन अशी ठळक नावे घेतली जात होती. निवड झाली ती ज्यांच्याविषयी हरकत घ्यावी असे कोणाला सुचलेही नव्हते त्यांची. जाहीर होण्याच्या काही आठवडे आधी शिमल्याजवळच्या मशोब्रा येथील राष्ट्रपतींच्या उन्हाळी निवासस्थानी कोविंद यांना पूर्वपरवानगी नसल्याने आत जाता आले नव्हते, अशी बातमी नंतर सगळीकडे छापून आली. ज्या घराच्या फाटकावरून माणूस परततो, त्याच घराचा तो वर्षभरात यजमान होतो. अशा वेळी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्यांची कीव येते.

तारखांचे भान

नाव केव्हा फुटेल याचा अंदाज नाव कोणते असेल यापेक्षा सोपा आहे. १९७७ पासून प्रत्येक राष्ट्रपतींनी २५ जुलैला शपथ घेतली आहे. निवडणुकीची अधिसूचना मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांच्या आत निघते. २०२२ मध्ये ९ जूनला कार्यक्रम जाहीर झाला, १५ जूनला अधिसूचना निघाली, २९ जून हा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता, १८ जुलैला मतदान आणि २१ जुलैला मतमोजणी झाली. आता निवडून आलेल्या उमेदवारांच्या घोषणेच्या तारखा पाहाव्यात: कलाम १० जून, पाटील १४ जून, मुखर्जी १५ जून, कोविंद १९ जून, मुर्मू २१ जून. घोषणा दर वेळी थोडी पुढे सरकत गेली आहे. पाच आकड्यांवरून नियम होत नाही, हे मान्य. पण मे महिन्यात ‘नाव निश्चित’ अशी पट्टी दिसली तर वहीत काहीही बदलू नये, एवढे त्यावरून नक्की सांगता येते.

अर्ज भरताना ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, तेही निर्वाचक मंडळातले, आणि १५,००० रुपये अनामत लागते. १९९७ मध्ये हा आकडा वाढवल्यानंतर हौशी उमेदवार छाननीतच गळतात. त्यामुळे ‘अमुक अपक्ष चुरस निर्माण करणार’ अशा भाकितांसाठी वहीत जागा ठेवण्याचे कारण नाही.

पुडी ओळखणे

राजकीय बातमीदारीत ‘राजकीय वर्तुळात चर्चा’, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’, ‘नाव आघाडीवर’ आणि ‘नाव गुलदस्त्यात’ ही चार वाक्ये आलटून पालटून येतात आणि चारही वेळा अर्थ वेगळा असतो. ‘नाव गुलदस्त्यात’ ही सर्वांत प्रामाणिक बातमी आहे, कारण बातमीदाराला काही कळलेले नाही हे तीत कबूल केलेले असते. ‘नाव आघाडीवर’ वाचताना पुडी कोणी सोडली आणि तिचा फायदा कोणाला, हे विचारावे. काही नावे त्यांचे समर्थक सोडतात, काही नावे विरोधक जाळण्यासाठी सोडतात, आणि काही नावे पक्ष स्वतःच सोडतो, कोणाच्या कपाळाला आठी पडते ते पाहण्यासाठी. एकाच दिवशी तीन-चार माध्यमांत एकाच शब्दांत एकच नाव आले तर ते एका ठिकाणाहून निघाले आहे असे समजावे.

जाहीर पत्रकार परिषदही दगड मानू नये. १३ जून २०१२ रोजी ममता बॅनर्जी आणि मुलायमसिंह यादव यांनी दिल्लीत एकत्र येऊन कलाम, मनमोहन सिंग आणि सोमनाथ चॅटर्जी अशी तीन नावे सांगितली आणि देशभर खळबळ उडाली. दोन दिवसांत संपुआने प्रणव मुखर्जी यांचे नाव जाहीर केले, मुलायमसिंह त्यांच्या बाजूला गेले, आणि अखेरीस ममता बॅनर्जी यांनीही त्यांनाच पाठिंबा दिला. त्या तीन नावांसाठी मी वहीचे अख्खे पान खर्च केले होते. शिवसेनेने २०१७ मध्ये आधी मोहन भागवत आणि मग एम. एस. स्वामिनाथन यांची नावे सुचवली होती. ती मित्रपक्षाला चिमटा काढण्याची रीत होती, आणि तिच्याकडे त्याच नजरेने पाहायला हवे होते.

हरणाऱ्या बाजूचा उमेदवार

विरोधकांचा उमेदवार ओळखण्याची रीत पूर्णपणे वेगळी आहे. तिथे हरकत कोणाची हे महत्त्वाचे नसते, होकार कोण देईल हे महत्त्वाचे असते. २०२२ मध्ये शरद पवार, फारुख अब्दुल्ला आणि गोपाळकृष्ण गांधी या तिघांनी एकामागून एक नकार दिला आणि मग यशवंत सिन्हा उभे राहिले. शिवाय हे नाव पुष्कळदा प्रत्युत्तर असते. कोविंद जाहीर झाल्यावर तीन दिवसांनी मीरा कुमार यांचे नाव आले, कारण दलित उमेदवारासमोर दलित उमेदवार देण्यावाचून विरोधकांना वाट दिसत नव्हती. म्हणून विरोधकांचे पान सत्ताधाऱ्यांच्या घोषणेपर्यंत कोरे ठेवावे; फक्त पराभव दिसत असूनही प्रतिष्ठेने लढतील अशी चार-पाच नावे पेन्सिलीने लिहून ठेवावीत.

मराठी वाचकाला इथे १९६९ ची आठवण हवी. त्या वर्षी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर चिंतामणराव देशमुख उभे होते. तेच देशमुख, ज्यांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडले होते. या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात. पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मते घेऊन देशमुख तिसरे आले, पण त्यामुळे पहिल्या फेरीत कोणालाच निम्मी मते मिळाली नाहीत आणि दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. व्ही. व्ही. गिरी ४,२०,०७७ मतांवर पोहोचले आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. तिसरा वजनदार उमेदवार उभा राहिला तर दुसऱ्या पसंतीचे गणित वहीत मांडावे लागते. दोघांच्या लढतीत त्याची गरज पडत नाही.

वहीचे पान

शेवटी नावे लिहावीत. सत्ताधाऱ्यांच्या बाजूला सात-आठपेक्षा जास्त नकोत, आणि एकूण शंभर गुण सगळ्या नावांत वाटावेत, म्हणजे बेरीज शंभरच्या वर जाणार नाही आणि उगाच सगळ्यांना खूश करता येणार नाही. यातले किमान तीस गुण ‘या पानावर नसलेले नाव’ या ओळीला द्यावेत. धक्कातंत्राच्या काळात मी ते चाळीसपर्यंत नेतो. पानावर तारीख घालावी, पाच राज्यांच्या निकालानंतर एकदा आणि निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाल्यावर एकदा दुरुस्ती करावी, आणि खोडलेले नाव वाचता येईल अशाच रीतीने खोडावे. त्याचे कारण माझ्याच वहीत आहे. २०१७ च्या त्या अकरा नावांत नववे नाव द्रौपदी मुर्मू यांचे होते. तेव्हा त्या झारखंडच्या राज्यपाल होत्या आणि त्यांची चर्चाही होती. कोविंद जाहीर झाल्यावर मी ते पान रागाने आडवे खोडले, आणि २०२२ चे नवे पान लिहिताना जुने पान उघडूनही पाहिले नाही.